खानेसुमारीतल्या रिकाम्या रकान्यातल्या बायका – व्हिक्टोरियन इंग्लंडमधल्या कष्टकरी बाईचा माग कसा काढायचा?

रानजाई
मी लीड्सला राहते. इथे बेकेट स्ट्रीटवर एक जुनी सिमेट्री आहे, १८४५ साली सुरू झालेली. तिथे ओळीने उभे असलेले 'गिनी ग्रेव्ह'चे दगड आहेत. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग. ज्यांना स्वतःची जागा आणि दगड परवडत नव्हता पण सरकारी खर्चाने बिनानावाच्या खड्ड्यातही जायचं नव्हतं, असे लोक ती गिनी भरायचे आणि दगडावर नाव यायचं. एका दगडावर दहाबारा नावं, एकमेकांशी काही नातं नाही, फक्त त्याच आठवड्यात गेलेली माणसं. जागा वाचवायला दगडाच्या दोन्ही बाजूंना कोरलेलं. बायकांच्या नावापुढे बहुतेक वेळा 'अमक्याची बायको' किंवा 'अमक्याची विधवा'.

अशाच एका दगडावरच्या बाईच्या मी मागे लागलेय. नाव देत नाही, तिच्या पणतवंडांची पतवंडं हयात असतील. १८६१ च्या सेन्ससमध्ये ती १९ वर्षांची, जन्म आयर्लंड, एका किराणा दुकानदाराच्या घरी मोलकरीण. १८७१ मध्ये लग्न झालेलं, चार मुलं, नवरा फ्लॅक्सच्या (जवसाच्या धाग्याच्या) गिरणीत मजूर, आणि तिच्या कामाचा रकाना रिकामा. १८८१ मध्ये विधवा, आता मात्र 'लॉन्ड्रेस', म्हणजे लोकांचे कपडे धुणारी, आणि १७ वर्षांची मोठी मुलगी 'टेलरेस', म्हणजे कपडे शिवणारी. १८९१ मध्ये गायब. मग थेट १८९६ ची दफन नोंद.

माझे दोन प्रश्न आहेत. १८७१ चा रिकामा रकाना म्हणजे ती खरंच घरी बसून होती का? आणि १८९१ ला ती कुठे गेली? तुमच्यापैकी कुणी असं काम केलं असेल तर प्लीज लिहा. मला ही बाई अशी अर्धवट सोडवत नाही.

पोहेवाला
वाचतोय. खुर्ची टाकून बसलो आहे.

दस्तऐवज_काका
रानजाई, छान विषय काढलास. आधी तो कागद तयार कसा व्हायचा ते बघू, म्हणजे रिकाम्या रकान्याचा अर्थ लागेल.

सेन्ससच्या आधी गणक घरोघर एक छापील फॉर्म टाकून जायचा आणि सोमवारी सकाळी गोळा करायचा. भरायचा कुटुंबप्रमुखाने. लिहिता येत नसेल तर गणक दारात उभा राहून स्वतः भरून घ्यायचा. मग हे सगळे फॉर्म तो एका वहीत उतरवायचा. आज आपण ऑनलाइन बघतो ती १८४१ ते १९०१ ची पानं म्हणजे ही वही. घरातला मूळ फॉर्म नंतर नष्ट केला जायचा. म्हणजे बाईने नवऱ्याला सांगितलं (किंवा नाहीच सांगितलं), नवऱ्याने गणकाला, गणकाने वहीत, आणि मग लंडनच्या कारकुनाने मोजणीसाठी त्याच्यावर रेघा मारल्या. इतक्या हातांतून गेलेली माहिती आहे ती. गणकही पुरुषच असायचे, बायकांना ते काम करायची मुभा १८९१ पासून मिळाली.

आता सूचना. १८४१ ला गणकांना स्पष्ट सांगितलं होतं की बायकोचा, आणि आईबापाला हातभार लावणाऱ्या पण पगार न घेणाऱ्या मुलामुलींचा धंदा लिहायची गरज नाही. १८५१ पासून सूचना बदलली, घरकाम सोडून दुसरं काम नियमित करत असेल तर बाईचं काम लिहा असं आलं. पण 'नियमित' कुणी ठरवायचं? आठवड्यातून दोन दिवस धुणं, हंगामात शेतावर, रात्री काडेपेट्यांचे खोके चिकटवणं, हे नवऱ्याला काम वाटलं तर लिहिणार. त्यामुळे रिकामा रकाना म्हणजे 'काम करत नव्हती' असं धरू नकोस.

एक सांग, १८७१ च्या त्या पानावर घरात लॉजर, म्हणजे पैसे देऊन राहणारे भाडेकरू, किती आहेत?

ब्लॅकबर्नकर
काकांशी अर्धा सहमत. मी लँकेशायरला आहे आणि इकडची पानं उघडली की चित्र एकदम उलटं दिसतं. कापडगिरण्यांच्या गावात लग्न झालेल्या बायकांपुढे सरळ 'कॉटन वीव्हर' (सुती कापड विणणारी) लिहिलेलं सापडतं, पानंच्या पानं, आई वीव्हर मुलगी वीव्हर शेजारीण वीव्हर. का, तर गिरणीचा पगार रोख, ठरलेल्या वेळी, सगळ्या गल्लीला माहीत, ते लपणार कसं आणि लपवायचं तरी कशाला. म्हणून सेन्ससने बायकांचं काम सरसकट गाळलं असं म्हणणं मला पटत नाही. गाळलं ते घरात बसून केलेलं, तुकड्यातुकड्याने केलेलं काम. गाव आणि धंदा बघूनच रकाना वाचायचा.

लूटनकडे गेलात तर गवताच्या वेण्या विणणाऱ्या (टोप्यांसाठी) लहान मुलींचीसुद्धा नोंद मिळते. तिथे सगळं गावच त्यावर जगत होतं.

दस्तऐवज_काका
ब्लॅकबर्नकर, मुद्दा मान्य आहे. यावर इतिहासकारांचाही वाद आहे. एडवर्ड हिग्ज यांनी १९८० च्या दशकात या आकड्यांवर भरवसा ठेवू नका असं मांडलं आणि पुढे बऱ्याच जणांनी, गाव आणि धंदा बघितला तर ते आकडे वाटतात तेवढे वाईट नाहीत, असं दाखवलं. पण रानजाईची बाई लीड्सची आहे आणि गिरणीत नाही, घरात आहे. तिच्या बाबतीत माझी शंका कायम.

रानजाई
काका, आत्ता परत पान उघडून बघितलं. तीन लॉजर आहेत!! तिन्ही आयरिश, तिन्ही मजूर. घरात दोन माणसं, चार मुलं, तीन लॉजर.

दस्तऐवज_काका
मग तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याच पानावर आहे. तीन परक्या पुरुषांचा स्वयंपाक, कपडे, पाणी भरणं, वर चार पोरं. त्यांच्या खोलीभाड्याचे पैसे घरात येत होते. ते तिनेच कमावले, फक्त रकान्यात गेले नाहीत.

सातारी_कंदी
हे वाचून आमच्या आजीची खाणावळ आठवली. गिरगावात. बाहेरगावचे सात-आठ जण दोन वेळ जेवायचे आणि रेशनकार्डावर आजी 'गृहिणी'.

अंबाडी
सातारी_कंदी, +१००.

वयाचं एक सांगते. सेन्ससमधल्या बायकांची वयं हा वेगळाच आनंद आहे. दहा वर्षांनी सेन्सस, पण बाई सहा-सात वर्षांनीच मोठी होते. आमच्याकडच्या एका आत्याबाईंची आठवण येते, त्यांची साठी तीन वेळा हुकली. १८४१ च्या सेन्ससमध्ये तर सरकारनेच मदत केलीय. १५ च्या वरच्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची होती, म्हणजे ३९ ची बाई ३५ ची. त्यामुळे वय पाच-सहा वर्षांनी चुकलं म्हणून 'ही ती नव्हे' असं ठरवू नका. नाव, मुलांची नावं, जन्मगाव, गल्ली हे सगळं एकत्र जुळतंय का बघा.

केतकी_ए
मी एडिंबराला. स्कॉटलंडच्या नोंदी बघितल्या तर इंग्लंडवाल्यांचा हेवा वाटायचं कारण राहणार नाही. :) इथे लग्न झालं तरी बाईचं माहेरचं आडनाव कागदोपत्री टिकायचं. मृत्यूच्या नोंदीत दोन्ही नावं, आणि १८५५ पासून आईवडिलांची नावंसुद्धा, आईच्या माहेरच्या नावासकट. एका सर्टिफिकेटवरून मागच्या पिढीत उडी मारता येते.

इंग्लंडमध्ये मात्र बाई लग्न झालं की नवऱ्याच्या नावात विरघळते. मृत्यूच्या दाखल्यावर तिच्या धंद्याच्या रकान्यातसुद्धा 'मजूर अमुकची बायको' किंवा 'विधवा'. चाळीस वर्षं धुणं धुतलं असेल, तरी दाखल्यावर तिचा धंदा म्हणजे नवरा.

रानजाई, एक उपयोगाची गोष्ट. इंग्लंड-वेल्सची जन्म-मृत्यू नोंदणी १ जुलै १८३७ पासून आहे. जनरल रजिस्टर ऑफिसच्या जुन्या छापील सूचीत आईचं माहेरचं आडनाव १९११ पासून पुढेच दिसायचं, पण आता त्यांच्या साइटवर जी नवीन सूची आहे तिच्यात ते थेट १८३७ पासून आहे. त्यामुळे नवऱ्याचं आडनाव आणि तिचं माहेरचं आडनाव टाकून लीड्समधले सगळे जन्म काढ. मग त्याच आडनावाचे पाच वर्षांच्या आतले मृत्यू काढ. दोन सेन्ससच्या मधे जन्मलेली आणि गेलेली मुलं सेन्ससमध्ये कधीच दिसत नाहीत. ती फक्त इथे आणि दफनाच्या रजिस्टरात सापडतात.

रानजाई
केतकी, केलं. सेन्ससमध्ये सगळी मिळून चार मुलं. जन्मांच्या सूचीत सात. तीन मुलं मधल्यामधे गेली, त्यातलं एक तीन आठवड्यांचं. दफन रजिस्टरमध्ये तिन्ही मिळाली, त्याच सिमेट्रीत. १८७१ च्या त्या पानावर तिच्याबद्दल फक्त 'वाइफ' एवढा शब्द आहे आणि त्याच्या दोन महिने आधी तिने एक मूल पुरलं होतं. मी काल रात्री बराच वेळ तशीच बसून होते.

पोहेवाला
😔

तर्कटराव
थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. ही माणसं कुणी थोर नव्हती, त्यांनी मागे पत्रं ठेवली नाहीत, फोटो नाहीत. सेन्सस आणि दफनाचं रजिस्टर सरकारने आणि चर्चने स्वतःच्या सोयीसाठी भरलं. त्यातल्या चार ओळींवरून आपण एखाद्या बाईचं आयुष्य, तिचं दुःख वगैरे उभं करतो ते इतिहास कमी आणि कादंबरी जास्त होत नाही का? एकूण आकडे काढा, किती विधवा, किती धुणेवाल्या, त्याला अर्थ आहे. एकेका बाईच्या मागे लागून काय सिद्ध होणार?

निशिगंध_हॅकनी
तर्कटराव, सारा चॅपमनचं उदाहरण बघा. १८८८ च्या जुलैमध्ये लंडनच्या बो भागात ब्रायंट अँड मे च्या काडेपेटीच्या कारखान्यात सुमारे १४०० बायका-मुलींनी संप केला आणि जिंकला. कितीतरी वर्षं ही गोष्ट बाहेरच्या सुशिक्षित लोकांनी बिचाऱ्या पोरींना संप करायला लावला अशीच सांगितली जायची. सारा ही संपाच्या कमिटीतली बाई. १८८१ च्या सेन्ससमध्ये ती, तिची आई आणि बहीण तिघीही काडेपेटीच्या कामावर लिहिलेल्या आहेत. म्हणजे ती कुणी उपटसुंभ पोर नव्हती, घरच्याच धंद्यात मुरलेली कामगार होती. १९४५ साली ती गेली आणि मॅनर पार्क सिमेट्रीत दगड नसलेल्या सार्वजनिक कबरीत पुरली गेली. तिच्या घरच्याच नव्या पिढीतल्या बाईने सेन्सस, दाखले, दफनाची नोंद जोडत ती जागा शोधली. आकड्यांच्या तक्त्यात सारा चॅपमन '१४०० पैकी एक' एवढीच राहिली असती.

आणि तर्कटराव, फोटो-पत्रं ठेवायला फुरसत आणि पैसा लागतो. ज्यांच्याकडे ते नव्हतं त्यांचा इतिहास सोडून द्यायचा का?

तर्कटराव
सारा चॅपमनचं माहीत नव्हतं, वाचतो. तरी माझा अर्धा मुद्दा शिल्लक आहे. 'नोंद हे सांगते' आणि 'मला असं वाटतं' या दोन गोष्टी लिहिताना वेगळ्या ठेवा. मूल गेल्यावर तिला काय वाटलं ते नोंदीत नाही.

केतकी_ए
हे मान्य. पण तारीख नोंदीत आहे.

अंबाडी
थोडं अवांतर. व्हिक्टोरियन सेन्सस बघताना बऱ्याच घरांत विधुर, त्याची मुलं आणि 'हाउसकीपर' म्हणून त्याची मेहुणी दिसते. आपल्याकडे बायको गेली की मुलांसाठी धाकट्या बहिणीशी लग्न लावून द्यायचे. इंग्लंडमध्ये १८३५ पासून १९०७ पर्यंत बायकोच्या मागे तिच्या बहिणीशी लग्न करायला कायद्याने बंदी होती. त्यामुळे गरीब घरांतून ही मेहुणी वर्षानुवर्षं हाउसकीपर म्हणून राहते, कधीकधी पुढच्या सेन्ससला तिची स्वतःची मुलंही दिसतात. कागदावर नोकरीण, घरात घरची बाई.

पोहेवाला
बापरे. म्हणजे आमच्या पणजोबांना इंग्लंडात राहताच आलं नसतं.

सातारी_कंदी
मला एक विचारायचंय. या सगळ्यात आपल्या बायका कुठे सापडतात का?

निशिगंध_हॅकनी
सापडतात, पण जीव तुटतो. साहेबाच्या मुलांना सांभाळायला बोटीवरून आलेल्या आया. कित्येकींना इथे पोहोचल्यावर कामावरून सोडून द्यायचे आणि परतीचं तिकीट नाही. त्यांच्यासाठी लंडनमध्ये आयाज होम होतं, आधी ऑल्डगेटला आणि १९०० पासून आमच्या हॅकनीत, २६ किंग एडवर्ड्स रोड. २०२२ मध्ये त्या घरावर ऐतिहासिक जागांना लावतात ती निळी पाटी लागली, मी बघायला गेले होते. सेन्ससमध्ये बऱ्याच आयांना नावच नाही, 'आया' आणि पुढे मालकाचं आडनाव. जन्मस्थळ 'इंडिया', फार तर 'बॉम्बे'. बोटीच्या प्रवासी याद्यांतही तेच. आता त्यातली कुठली बाई रत्नागिरीची, कुठली गोव्याची, कसं काढणार? इंग्लिश मोलकरणीचं निदान नाव आणि गाव तरी लिहायचे.

दस्तऐवज_काका
आणि भारतातल्या खानेसुमारीतून काढावं म्हटलं तर तिथेही दार बंद. पहिली १८७२ ची, मग १८८१ पासून दर दहा वर्षांनी एकाच वेळी देशभर, पण आपल्याकडे छापील अहवाल आणि तक्ते राहिले, घराघरातल्या नावांचे कागद ठेवलेच नाहीत. त्र्यंबकेश्वर-पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांत घराण्यांच्या नोंदी सापडतात, तिथेही ओळ पुरुषांची. गिरणगावातल्या व्हिक्टोरियन काळातल्या एखाद्या कामगार बाईचा असा सेन्ससमधून माग काढणं शक्यच नाही. म्हणून मला रानजाईचं काम मोलाचं वाटतं. जिथे कागद आहे तिथे तरी तो नीट वाचला गेला पाहिजे.

ब्लॅकबर्नकर
परत मूळ प्रश्नावर येऊ, १८९१ राहिलंच. रानजाई, नावाने शोधणं सोड. नाव गणकाने जसं ऐकलं तसं लिहिलं, आयरिश उच्चार यॉर्कशायरच्या माणसाने, आणि नंतर ते अक्षर ऑनलाइन सूची बनवणाऱ्याने त्याला लागलं तसं वाचलं. पत्त्याने शोध. दफनाच्या रजिस्टरात राहण्याचं ठिकाण असतंच, १८१३ पासून चर्चच्या छापील नमुन्यातसुद्धा नाव, ठिकाण, तारीख, वय हे रकाने आहेत. १८९६ च्या नोंदीत कुठली गल्ली लिहिलीय? ती गल्ली १८९१ मध्ये पानापानाने वाच. गणक घरामागून घर चालत गेलाय, तूही तशीच चाल.

केतकी_ए
आणि विधवा म्हातारी एकटी शोधू नकोस. मुलीचं लग्न झालं असेल, जावयाच्या आडनावाखाली बघ. तिथे ती 'मदर-इन-लॉ' असेल. तिथेही नसेल तर वर्कहाऊसची, म्हणजे निराधार गरिबांना ठेवायच्या सरकारी घराची, रजिस्टरं. तुझ्या सिमेट्रीच्या समोरच तर लीड्सचं वर्कहाऊस होतं ना, जिथे आता थॅकरी म्युझियम आहे?

रानजाई
हो, रस्त्याच्या पलीकडे. तेच डोक्यात होतं, आणि तिथे सापडेल या भीतीने रजिस्टर मागवायचं टाळत होते.

पण नाही! दफन नोंदीतली गल्ली घेतली आणि १८९१ ची पानं वाचत गेले. मिळाली. आडनावाची पहिली दोन अक्षरं वेगळी, म्हणून सर्चमध्ये कधीच आली नसती. प्रमुख जावई, बूट कारखान्यात कामाला. त्याची बायको म्हणजे ती मोठी मुलगी, अजूनही 'टेलरेस', लग्नानंतरही. तीन नातवंडं, सगळी पाचच्या आतली. आणि शेवटच्या ओळीत 'मदर-इन-लॉ, विधवा, ४७', जन्म आयर्लंड. (अंबाडी, १८६१ च्या हिशेबाने ४९ हवी होती. :)) कामाचा रकाना परत रिकामा.

लीड्समध्ये तेव्हा तयार कपड्यांचे मोठे कारखाने होते, हजारो बाया शिलाई मशीनवर. पाचच्या आतली तीन पोरं टाकून मुलगी रोज मशीनवर कशी जात असेल? घरात दुसरं कुणी मोठं माणूस नाही. तर्कटराव, यातलं नोंद काय सांगते आणि मला काय वाटतं ते वेगळं ठेवते. नोंद सांगते की मुलगी कमावती आहे, मुलं लहान आहेत, आजी घरात आहे आणि तिच्यापुढे काही लिहिलेलं नाही. पोरं आजीने सांभाळली, हे माझं म्हणणं.

तर्कटराव
एवढं म्हणणं मीही मान्य करेन.

दस्तऐवज_काका
शाब्बास. नवरा असताना रकाना रिकामा, नवरा गेला आणि ती स्वतः घराची प्रमुख झाली तेव्हा 'लॉन्ड्रेस', जावयाच्या घरी आली की परत रिकामा. तिचं काम कधी थांबलंच नसणार, बदलत गेला तो घरचा प्रमुख. इतरांनीही आपापल्या नोंदी या नजरेने तपासा, बाई कामगार म्हणून दिसते ती बहुतेक वेळा घरात पुरुष नसतो तेव्हा.

ब्लॅकबर्नकर
काका, लँकेशायर सोडून. :)

दस्तऐवज_काका
लँकेशायर सोडून. शिवाय तिची मुलगी लग्नानंतरही टेलरेस लिहिलीय, म्हणजे तुझाच मुद्दा. कारखान्याचा रोख पगार.

अंबाडी
रानजाई, मुलगी १९११ पर्यंत हयात असेल तर तो सेन्सस नक्की बघ. त्या वर्षी पहिल्यांदा घरात भरलेला मूळ फॉर्मच जपून ठेवलाय, त्यांच्याच अक्षरात. आणि लग्न झालेल्या बायकांना विचारलं होतं की लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, किती हयात, किती गेली. काही विधवांनी आणि पुरुषांनीसुद्धा हे रकाने भरून टाकले, मग कारकुनाने वरून काट मारली, पण आकडे वाचता येतात.

रानजाई
बघते. माझ्या त्या बाईच्या मृत्यूचा दाखलाही मागवलाय, त्यात मृत्यूची खबर कुणी दिली त्याचं नाव आणि नातं असतं. मुलगीच असेल असं वाटतंय. आणि ती गिनी कुणी भरली याची सिमेट्रीच्या हिशेबाच्या वह्यांत काही नोंद मिळते का ते विचारायला शुक्रवारी आर्काइव्हमध्ये जातेय. लीड्सच्या आसपास कुणी असेल तर सोबत या, रजिस्टर मोठी आहेत, दोघी असलो तर पानं लवकर होतील.

सातारी_कंदी
मी ब्रॅडफर्डला आहे. शुक्रवारी सुट्टी टाकते. किती वाजता?